ड्रमरची जागा रिकामी: जॉन मेयॉल आणि 'द टर्निंग पॉइंट'

ब्रिटिश ब्लूज-रॉकमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज गाण्यांवर पोसलेल्या रॉकमध्ये, नवा वादकसंच म्हणजे बहुधा एका माणसाच्या जागी दुसरा माणूस. गिटारवादक गेला, दुसरा आणला. ड्रमर बाहेर पडला, ओळखीपाळखीतून नवा शोधला. आणि मग पुढचा अल्बम ऐकताना श्रोते आणि समीक्षक दोघेही जुन्या-नव्याची तुलना करीत बसतात. इंग्रज ब्लूज गायक-वादक आणि बँडप्रमुख जॉन मेयॉल यांनी जुलै १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात ध्वनिमुद्रित केलेला 'द टर्निंग पॉइंट' हा अल्बम या चाकोरीत बसत नाही, आणि म्हणूनच तो एक प्रकरण म्हणून तपासण्याजोगा आहे. त्यांचे गिटारवादक मिक टेलर तेव्हा नुकतेच रोलिंग स्टोन्समध्ये गेले होते. त्यांच्या जागी तसाच तयारीचा गिटारवादक आणणे मेयॉल यांना अशक्य नव्हते. १९६६ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये त्यांनी ते करून दाखवले होते. या वेळी त्यांनी ती जागा भरलीच नाही आणि तिच्याबरोबर ड्रमरचीही जागा काढून टाकली. या संचात कोण आले यापेक्षा कोणती जागा रिकामी ठेवली, यावर हा अल्बम घडला, असे माझे मत आहे.

माणसे येत राहिली, जात राहिली

मेयॉल यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९३३ रोजी इंग्लंडमधील मॅक्लसफील्ड या गावी झाला. वडील हौशी गिटारवादक आणि जॅझचे शौकीन, त्यामुळे घरात तबकड्यांचा संग्रह होता. लष्करी सेवेत त्यांना कोरियाला जावे लागले आणि जपानमध्ये सुटीवर असताना त्यांनी आपली पहिली इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. पुढे मँचेस्टरला कलाशिक्षण घेऊन ते ग्राफिक डिझायनर झाले. लंडनमधले ब्लूज संगीतकार ॲलेक्सिस कॉर्नर यांच्या आग्रहावरून ते १९६३ मध्ये लंडनला आले, तेव्हा वयाची तिशी जवळ आली होती. हे वय लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण 'ब्लूजब्रेकर्स' या त्यांच्या बँडमध्ये आलेली मुले त्यांच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असत. मेयॉल त्यांना आपल्या संग्रहातल्या तबकड्या ऐकवीत, काम देत, वळण लावीत आणि मग ती मुले निघून जात.

गिटारवादक एरिक क्लॅप्टन १९६६ मध्ये गेले आणि त्यांनी 'क्रीम' हा बँड स्थापन केला. त्यांच्या जागी पीटर ग्रीन आले. डेक्का या तबकडी कंपनीच्या स्टुडिओत निर्माते माइक व्हर्नन यांना क्लॅप्टन यांचा ओळखीचा ॲम्प्लिफायर दिसला नाही म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा क्लॅप्टन आता बँडमध्ये नाहीत, पण काळजी नको, त्यांच्याहून चांगला माणूस मिळाला आहे, अशा अर्थाचे उत्तर मेयॉल यांनी दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ग्रीन यांनी १९६७ मध्ये बाहेर पडून 'फ्लीटवुड मॅक' उभा केला, आणि काही काळाने बेस गिटारवादक जॉन मॅकव्हीही तिकडे गेले. मग टेलर आले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्याआधी कधीतरी एका कार्यक्रमाला क्लॅप्टन पोहोचले नव्हते, तेव्हा प्रेक्षकांत असलेल्या या पोराने मध्यंतरानंतर त्यांच्याच गिटारवर वाजवून वेळ निभावली होती, आणि मेयॉल यांच्या ते लक्षात राहिले होते.

ड्रमरांची यादी याहून लांब आहे: ह्युई फ्लिंट, एन्सली डनबार, थोडे दिवस मिक फ्लीटवुड, कीफ हार्टली, जॉन हाइसमन, कॉलिन ॲलन. १९६८ च्या 'बेअर वायर्स' या अल्बमसाठी तर सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांसह मोठा ताफा होता. तो अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यानंतर मेयॉल यांनी तो ताफा मोडला. 'ब्लूजब्रेकर्स' हे नावही त्यांनी तेव्हाच बाजूला ठेवले आणि ते नुसत्या स्वतःच्या नावाने वाजवू लागले. वादक बदलणे हा त्यांच्या दृष्टीने अपघात राहिलाच नव्हता. तरीही १९६९ पर्यंतचा प्रत्येक संच, मोठा असो वा छोटा, एका गृहीतकावर उभा होता: पुढे इलेक्ट्रिक गिटार, मागे ड्रम्स, आणि बाजूला मेयॉल यांचा ऑर्गन.

स्वतःच पेटवलेला आवाज

या प्रकरणातील विरोधाभास असा की ज्या आवाजाकडे मेयॉल यांनी १९६९ मध्ये पाठ फिरवली, तो रूढ करण्यात त्यांच्याच बँडचा मोठा वाटा होता. क्लॅप्टन यांनी १९६६ च्या अल्बमसाठी गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल ॲम्प्लिफायरला जोडली आणि स्टुडिओतही तो रंगमंचावर ठेवतात तितक्याच मोठ्या आवाजावर ठेवण्याचा हट्ट धरला. त्या काळी स्टुडिओत गिटारचा आवाज कमी ठेवण्याचा रिवाज होता. तो मोडल्यावर जो जाड, फाटण्याच्या बेतात असलेला आणि लांबणारा स्वर मिळाला, तो पुढे ब्लूज-रॉकचा ओळखीचा स्वर झाला. मार्शलच्या त्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरला आजही 'ब्लूजब्रेकर' म्हणतात.

तीन वर्षांत त्या स्वराचे लोण सर्वत्र पसरले. त्यामागे एक साधी यांत्रिक साखळी होती. ड्रमर जोरात वाजवू लागला की आपण ऐकू यावे म्हणून गिटारवादक आवाज वाढवतो, त्याच्यामागे बेस वाढतो, गायकाला स्वतःचा गळा ऐकू येईनासा होतो म्हणून तो ओरडू लागतो, आणि मग सगळ्यांच्या वर राहण्यासाठी ड्रमर पुन्हा हात उचलतो. गायकांना स्वतःचा आवाज ऐकवणारी रंगमंचावरील ध्वनियंत्रणा तेव्हा प्राथमिक अवस्थेत होती, त्यामुळे ही चढाओढ थोपवण्याचे साधन कोणापाशी नव्हते. मेयॉल यांचा गळा पातळ, काहीसा नाकातला आणि वरच्या पट्टीत तडकणारा. अशा गळ्याला या चढाओढीत फार काही मिळण्याजोगे नव्हते, हे मला कारण म्हणून महत्त्वाचे वाटते.

दुसरे कारण त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावर निघालेल्या माहितीपटात जिमी जुफ्री यांचे त्रिकूट दिसते: जुफ्री सॅक्सोफोनवर, बॉब ब्रुकमायर ट्रॉम्बोनवर आणि जिम हॉल गिटारवर. ड्रम्स नाहीत, बेसही नाही. तरीही त्यांचे वादन डुलत राहते, कारण लय कोणा एकाच्या ताब्यात नसून तिघांमध्ये फिरत असते. हे चित्र मेयॉल यांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून होते.

जून-जुलै १९६९

मे महिन्याच्या अखेरीस रोलिंग स्टोन्सना ब्रायन जोन्स यांच्या जागी गिटारवादक हवा होता. मिक जॅगर यांना टेलर यांचे नाव मेयॉल यांनीच सुचवले. १३ जूनला टेलर यांची निवड जाहीर झाली, ३ जुलैला जोन्स यांचा मृत्यू झाला, आणि ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाखोंच्या गर्दीपुढे टेलर प्रथमच स्टोन्सबरोबर उभे राहिले. त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ आणि १२ जुलैला, त्यांचे जुने प्रमुख अटलांटिकपलीकडे सुमारे २,७०० आसनांच्या नाट्यगृहात ड्रम्सविना वाजवत होते. हे अंतर पाहिले की नव्या संचाला तालमीसाठी आणि एकमेकांचा अंदाज घेण्यासाठी किती थोडा अवधी मिळाला असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संच असा होता. जॉनी आल्मंड सॅक्सोफोन आणि बासरी वाजवीत. ते जुने परिचित, कारण १९६६ च्या क्लॅप्टन असलेल्या अल्बमवरही त्यांचा सॅक्सोफोन होता. जॉन मार्क बोटांनी छेडत अकूस्टिक गिटार वाजवीत. ते ब्लूजच्या मुशीतले नव्हते, त्यांनी गायिका मारियान फेथफुल यांना साथ केली होती आणि त्यांचा पिंड लोकसंगीताकडे झुकणारा होता. बेसवर स्टीव्ह थॉम्प्सन, आधीच्या संचातून पुढे आलेले एकमेव वादक. आणि मेयॉल स्वतः गायन, माउथ ऑर्गन, स्लाइड गिटार, टेलिकास्टर गिटार आणि खंजिरी एवढे सांभाळीत.

या यादीत काय नाही तेही पाहावे. ड्रम्स नाहीत आणि गडगडाटी लीड गिटार नाही, हे मेयॉल यांनी अल्बमच्या पाठीवरील टिपणात स्वतःच सांगितले आहे. कमी आवाजाच्या संगीतात फारशा न चोखाळलेल्या वाटा शोधायच्या, असा त्यांचा हेतू होता. पण तिसरी अनुपस्थिती सहसा कोणी मोजत नाही: मेयॉल यांचा ऑर्गनही येथे नाही. ऑर्गनचा स्वर दाबून धरला की तो वाहत राहतो आणि दोन वादकांच्या मधल्या फटी झाकतो. ड्रम्स काढून ऑर्गन ठेवला असता, तर रिकामी झालेली जागा त्या स्वराने पुन्हा भरून गेली असती. मेयॉल यांनी इतरांच्या दोन जागांबरोबर स्वतःचीही एक जागा सोडली, आणि या निर्णयातील सुसंगती मला सर्वांत जास्त तेथे दिसते.

एक गैरसमज दूर करायला हवा. या अल्बमला पुष्कळदा 'अकूस्टिक' म्हटले जाते. ते खरे नाही. बेस इलेक्ट्रिक आहे, टेलिकास्टर इलेक्ट्रिक आहे, सगळे वादन ध्वनिवर्धकांतून नाट्यगृहात जात आहे. वीज तोडलेली नाही, फक्त तिची मात्रा उतरवली आहे.

लय कोणाकडे गेली?

ड्रमरचे काम ताल मोजण्यापुरते नसते. बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरचा स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा आघात, श्रोत्याच्या पायाला लय धरून देतो. झांजांचा सतत चाललेला सळसळाट उंच स्वरांचा सगळा पट्टा व्यापतो. आणि ब्लूजचे बारा बारांचे, म्हणजे बारा मात्रागटांचे, आवर्तन संपत आले की ड्रमरचा एक छोटा तुकडा सर्वांना 'आता वळायचे' असे सांगतो. ही तिन्ही कामे नव्या संचात वाटून घ्यावी लागली.

आपल्या कानाला हे अनोळखी वाटू नये. सतारीच्या जोडात तबला नसतो, पण लय असते, आणि ती कोणी ठेक्याने बांधून दिलेली नसल्यामुळे वादकाच्या हातात जास्त जिवंत असते. फरक इतकाच की जोडात एकटा कलावंत ती लय स्वतःशी ठरवतो, आणि येथे चौघांना ती एकमेकांच्या खांद्यावर देत न्यायची होती, तीही ओळख नवी असताना.

'द लॉज मस्ट चेंज' या पहिल्याच गाण्यात ही वाटणी स्पष्ट ऐकू येते. बेस चालत राहतो, पण नेहमीसारखा जाड ढग न होता प्रत्येक स्वराच्या सुरुवातीसह आणि शेवटासह. त्याच्यावर मार्क यांची गिटार तुटक, कोरड्या ठोक्यांनी पडते आणि स्नेअरचे काम करून जाते. झांजांचा पडदा नसल्याने तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज कळतो, बासरीत शिरणारी फुंकर कळते, माउथ ऑर्गन वाजवताना मेयॉल श्वास आत घेतात की बाहेर सोडतात तेही कळते. गाण्याचा विषय अमली पदार्थांचे कायदे. पोलिसांवर दगड फेकून काही होणार नाही, कायद्याची गाठ सोडवायला हवी, असे ते म्हणते आणि १९६६ मध्ये वारलेले विनोदकार लेनी ब्रूस यांची आठवण काढते. हे शब्द ड्रम्सच्या गदारोळात घोषणा झाले असते. येथे ते समजावणीच्या सुरात येतात आणि सात मिनिटांहून अधिक काळ ऐकवतात.

'आय एम गॉना फाइट फॉर यू जे. बी.' हे शिकागोचे ब्लूज गायक जे. बी. लेनोर यांच्यासाठी आहे. मोटार अपघातात झालेल्या दुखापतींकडे नीट लक्ष दिले गेले नाही आणि काही आठवड्यांनी, एप्रिल १९६७ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. मेयॉल यांनी त्या वर्षी 'क्रुसेड' या अल्बमवर त्यांच्यासाठी एक गाणे केले होते, हे दुसरे. विलाप एकदा करून झाला होता, आता निर्धार होता, आणि तो त्यांनी आवाज न चढवता सांगितला.

पण या अल्बमची खरी कसोटी लागते ती शेवटच्या गाण्यात, 'रूम टू मूव्ह'मध्ये. ते द्रुत आहे, पायाला ठेका धरायला लावणारे आहे, आणि अशा गाण्यात ड्रमर नसणे म्हणजे उघडउघड जोखीम. मेयॉल यांचा माउथ ऑर्गन आगगाडीसारखा सुरू होतो. ब्लूजमधला माउथ ऑर्गन बहुतेक वेळा श्वास आत ओढून वाजवतात, कारण आत ओढलेले स्वर वाकवता येतात; त्यामुळे श्वासाची आत-बाहेर ये-जा हीच मुळी लय होऊन बसते. गाण्याच्या मध्यावर गिटार आणि बेस मागे सरतात आणि माउथ ऑर्गन एकटा उरतो. मग मेयॉल दोन स्वरांच्या मधल्या फटीत तोंडाने बोल काढू लागतात, 'चिका-चिका'सारखे कोरडे, दातांवर आपटणारे, आणि स्वर, बोल व श्वास यांची अशी वीण जमते की कोणते काय हे ऐकणाऱ्याला चटकन सांगता येत नाही. आल्मंडही तोंडाने साथ धरतात. कथकच्या मंचावरची पढंत ऐकलेल्या माणसाला येथे हसू येईल, कारण तबला नसताना बोल तोंडाने म्हणायचे ही युक्ती आपल्याकडे कोणालाही शिकवावी लागत नाही; पण रॉकच्या नाट्यगृहात, १९६९ मध्ये, ती नवलाईची होती. मग बाकीचे परत येतात तेव्हा ते जणू काही गेलेच नव्हते अशा बेताने नेमक्या ठोक्यावर उतरतात.

त्या गाण्याचे शब्द साधे आहेत: प्रेम कर, पण मला हालचालीला वाव दे. आपल्या गायकीत 'काय जागा घेतली' असे म्हणतात, तेव्हा ती जागा आधी कोणीतरी मोकळी ठेवलेली असते. मेयॉल यांना मराठी येत नव्हते, पण या गाण्यात त्यांनी दोन्ही अर्थांच्या जागा एकत्र आणल्या आहेत.

आणखी एक जोखीम सहसा दुर्लक्षिली जाते. नवा संच घाईने उभा राहिला की सगळ्यांना पाठ असलेली जुनी ब्लूज गाणी घ्यायची, ही सोयीची वाट असते. मेयॉल यांच्या आधीच्या अल्बमांवरही अशी गाणी होती. या अल्बमवरची सातही गाणी मात्र या संचाच्याच भात्यातली आहेत. म्हणजे एकमेकांना नवे असलेले चौघे, नव्या गाण्यांवर, ड्रमरशिवाय, श्रोत्यांसमोर आणि ध्वनिमुद्रण चालू असताना वाजवत होते. फिलमोर ईस्ट हे बिल ग्रॅहम यांचे नाट्यगृह मॅनहॅटनच्या सेकंड ॲव्हेन्यूवर मार्च १९६८ मध्ये सुरू झाले होते, आणि तिथला श्रोता मोठ्या आवाजाला आणि वादकांच्या मागे पडद्यावर नाचणाऱ्या रंगीत प्रकाशखेळांना सरावलेला होता. तो या वेळी शांत बसून ऐकतो आहे, हे मुद्रणात कळते. टाळ्या येतात त्या गाणे संपल्यावर, आणि त्या भरभरून येतात.

जेथे हात आखडला

सगळे जमले आहे असे नाही. 'सो हार्ड टू शेअर' सात मिनिटे चालते आणि त्यातली शेवटची दोन मला प्रत्येक वेळी जास्त वाटतात. संथ गाण्यात ड्रमर एखाद्या तुकड्याने कडवी वेगळी करतो. ते येथे होत नसल्यामुळे एक कडवे दुसऱ्यात विरघळत जाते. 'कॅलिफोर्निया' साडेनऊ मिनिटांचे आहे. त्यातली बेसची एकच एक घुमत राहणारी आकृती आणि आल्मंड यांचा सॅक्सोफोन यांचे काही भाग अप्रतिम आहेत, पण चढावाची जबाबदारी जवळजवळ एकट्या सॅक्सोफोनवर पडते आणि आल्मंड जेथे थांबतात तेथे गाणेही थांबल्यासारखे होते. 'थॉट्स अबाउट रोक्सॅन'बद्दल मते वेगळी असू शकतील. मला त्यातले रेंगाळणे आवडते. शब्दरचना मात्र या अल्बमवर कोठेच फार वर जात नाही, आणि आवाज कमी केल्यावर शब्द अधिक ऐकू येतात, हा या प्रयोगाचा एक गैरसोयीचा परिणाम म्हणावा लागेल.

हे ब्लूज आहे का, असा आक्षेपही घेता येईल. बासरी, बोटांनी छेडलेली गिटार, लांबणारी एकाच चालीची आवर्तने, हे सगळे जॅझ आणि लोकसंगीताच्या शिवेवरचे. पण मिसिसिपीतले जुने ब्लूज गायक एका गिटारवर आणि पायाच्या ठोक्यावरच गात होते. ड्रम्स ब्लूजमध्ये नंतर, शहरात आल्यावर स्थिरावले. त्यामुळे मेयॉल यांनी ब्लूजमधून काही काढून घेतले असे म्हणण्यापेक्षा शहरातल्या ब्लूजचा एक थर खरवडला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पुढे काय झाले

डेक्का सोडून मेयॉल पॉलिडोरकडे गेले होते, आणि 'द टर्निंग पॉइंट' १९६९ च्या शरद ऋतूत बाजारात आला. अमेरिकेत तो ३२ व्या आणि ब्रिटनमध्ये ११ व्या क्रमांकापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये 'बेअर वायर्स'च्या तुलनेत ही घसरणच. अमेरिकेत मात्र तो टिकून विकला गेला आणि पुढे सुवर्ण तबकडी, म्हणजे मोठ्या विक्रीबद्दल मिळणारा सन्मान, मिळवून गेला. क्लॅप्टन, ग्रीन आणि टेलर यांच्या गिटारी ज्या माणसाच्या अल्बमांवर आहेत, त्या माणसाला सुवर्ण तबकडी मिळाली ती या तिघांपैकी कोणीही नसलेल्या अल्बमला, आणि ती त्याच्या कारकिर्दीतली एकमेव ठरली.

संच टिकला एक वर्ष. त्याच वादकांचा 'एम्प्टी रूम्स' हा अल्बम स्टुडिओत झाला आणि १९७० मध्ये आला. तो नीटनेटका आहे, पण फिलमोरच्या मुद्रणात एकमेकांकडे कान लावून चालण्याचा जो ताण आहे, तो तेथे सैल पडला आहे. १९७० मध्ये मार्क आणि आल्मंड यांनी बाहेर पडून 'मार्क-आल्मंड' हा आपला बँड काढला. म्हणजे मेयॉल यांच्या बँडमधून बाहेर पडण्याची परंपरा याही संचाने मोडली नाही. त्यांच्या जागी मेयॉल यांनी कॅन्ड हीट या अमेरिकन बँडमधले हार्वी मँडेल आणि लॅरी टेलर यांना, तसेच व्हायोलिनवादक डॉन 'शुगरकेन' हॅरिस यांना घेऊन पूर्ण अमेरिकन संच केला. त्यातही ड्रमर नव्हता, पण मँडेल यांची इलेक्ट्रिक गिटार होती, म्हणजे एक जागा पुन्हा भरली गेली. दुसरीही फार दिवस रिकामी राहिली नाही. १९७१ च्या 'बॅक टू द रूट्स'वर कीफ हार्टली यांचे ड्रम्स आले, शिवाय क्लॅप्टन आणि मिक टेलर पाहुणे म्हणून आले. आणि १९७२ च्या 'जॅझ ब्लूज फ्यूजन'मध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स असा पुरता ताफा होता.

त्या दोन रात्रींची आणखी तीन गाणी २००१ च्या सीडी आवृत्तीत जोडली गेली. 'रूम टू मूव्ह' मेयॉल म्हातारपणापर्यंत वाजवत राहिले. तेव्हा मागे ड्रमर असे, आणि माउथ ऑर्गनचा मधला भाग आला की तो हात थांबवून बसे.

वयाच्या ऐंशीनंतर हाच प्रसंग त्यांच्यापुढे उलट्या बाजूने आला. त्यांचे तेव्हाचे गिटारवादक रॉकी ॲथस विमान रद्द झाल्यामुळे एका महोत्सवाला पोहोचू शकले नाहीत, आणि मेयॉल यांना बेसवर ग्रेग झाब आणि ड्रम्सवर जे डॅव्हनपोर्ट एवढ्यांनाच घेऊन रंगमंचावर जावे लागले. त्यांना ती मोकळीक इतकी आवडली की काही काळ त्यांनी नवा गिटारवादक शोधलाच नाही. २०१७ मध्ये जर्मनीत त्या त्रिकुटाचे प्रत्यक्ष कार्यक्रमांचे मुद्रण झाले आणि पुढच्या वर्षी ते 'थ्री फॉर द रोड' या नावाने निघाले. त्यावर ड्रम्स आहेत, मेयॉल यांचा ऑर्गन आणि पियानो आहे, आणि ज्या जागी एकेकाळी क्लॅप्टन, ग्रीन आणि टेलर उभे राहिले, ती जागा मोकळी आहे.